मंगळवारची देवी आणि शाळेतलं पुस्तक

आमच्या घरी मंगळवारी देवी यायची. दिवेलागणीला आरती सुरू झाली की मायच्या अंगात यायचं. केस सुटायचे, आवाज बदलायचा, आणि एरवी तिच्याशी "पानी आन" एवढंच बोलणारे बाबा हात जोडून तिच्यापुढं बसायचे. ओसरीवर बायांची दाटी, कापराचा धूर, हळदीनं पिवळे झालेले मायचे पाय. आता तिचे गुडघे गेले, देवीही येईनाशी झाली. देवी खरी होती का, असं शहरातल्या मैत्रिणी विचारतात तेव्हा मला त्यांचा राग येतो. मला ते मंगळवार फार आठवतात.

एक मंगळवार तर माझाच. सातवी झाल्यावर बाबांनी माझी शाळा बंद करायची ठरवली होती. देवीनं त्यांना दटावलं, "पोरीले शिकू दे." दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः मला शाळेत सोडून आले.

मी दहावीत असताना आमच्या सरांनी शाळेच्या कपाटात एक पातळसं पुस्तक आणून ठेवलं. मेडशीच्या अलीकडचं आमचं गाव, तिथं मिळेल त्या पुस्तकावर मी तुटून पडायची. हेही दप्तरात घालून घरी आणलं. मुखपृष्ठावर केस मोकळे सोडलेल्या बाईचं चित्र आणि त्यावर लाल फुली. त्या चित्राचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला आणि भडका उडाला. चिडणाऱ्यांपैकी कुणी आतलं पान उलटलं नव्हतं, पण चिडायला तेवढं चित्र पुरलं. शनिवारी पालकांची सभा ठरली. सगळ्यात जास्त बाबा तापले होते. आमच्या घरच्या देवीचा अपमान होता ना!

शुक्रवारी दुपारी माय तुरी पाखडत बसली होती. तिला वाचता येत नव्हतं.

"ते पुस्तक हाये ना तुह्याजवळ? वाच. काही सोडू नको."

मी मान खाली घालून वाचलं. अंगात देवी येत नाही, असं लिहिलं होतं. जी राबून राबून थकते, जिचं घरात कुणी ऐकत नाही, तिचं मन असं मोकळं होतं. मायचं सूप थांबलं.

"लिवनारी बाई हाये का?"

"नाई, मानूस हाये."

"मंग त्याले कसं ठाऊक?" ती म्हणाली, आणि पुन्हा पाखडायला लागली.

शनिवारी सकाळी मी पुस्तक सरांना परत दिलं. सभेत बाबा उठून उभे राहिले. "सर, हे पुस्तक आजच जाळाचं." सरांचा चेहरा पडला. तेवढ्यात दाराशी बायांमध्ये उभी असलेली माय पदर सावरत पुढं आली.

"जाळता कायले? पुस्तक म्हंजे सरस्वती. पोरीयले इथंच वाचू द्या. फक्त घरी नेऊ देऊ नका."

जिच्या अंगात देवी येते तीच असं म्हणते म्हटल्यावर माणसांनी माना डोलावल्या, सरांनी सुस्कारा टाकून पुस्तक कपाटात ठेवलं. बाबांनी तर चारचौघांत मायच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. असं कौतुक मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

मी मात्र धुमसत होते. घरी परतताना बाबा पुढं निघून गेले तशी मी मायवर उखडले.

"काहून म्हटलं तू तसं? पुन्हा घरी आनलं असतं तं बाबानंबी वाचलं असतं!"

माय थांबली. बाबा बरेच लांब गेलेत याची खात्री करून तिनं आवाज खाली आणला.

"तेच तं नाई पाह्यजे. दहावी झाली का तुले मालेगावले कालेजात धाडा लागन. तुह्या बापानं ते वाचलं, तं तवा मी कोनाच्या तोंडानं बोलू?"