मुक्या पट्ट्या

पेटीच्या भात्याला हात घातला की हल्ली आधी माझा डावा खांदा कुरकुरतो, मग भाता. इतकी वर्षं रत्नागिरीतल्या एका मुलींच्या शाळेत मी समूहगान शिकवतो आहे. एका गळ्याला घडवणारे गवई वेगळे. मी तीस गळ्यांचा मास्तर, आणि ते तीसही टिकणारे नव्हेत. आवाज जरा पिकला की मुलीचं लग्न ठरायचं, आणि जूनमध्ये पुन्हा तेच ईशस्तवन, तोच 'सा', नव्या तोंडांना. दमलो म्हणावं तर कुणापाशी? ज्या गावानं माझ्यासारख्या भाकरीच्या माणसाला इतकी वर्षं भात वाढला, त्याच्यापुढे तक्रार करायला जीभ रेटत नाही.

मी घाटावरचा, कऱ्हाडच्या बाजूचा. शाळा पाचवीत सुटली. सुटली ती अशी, की शाळा तपासणारे दिपोटीसाहेब परीक्षा घ्यायला यायचे होते आणि आमचे मास्तर मला म्हणाले, "परवा तू घरीच राहा. तुझं गणित कच्चं, उगाच वर्गाचा निकाल बिघडेल." मी घरी राहिलो. दुसऱ्या दिवशी शाळेत जायची लाज वाटली, तिसऱ्या दिवशी जास्त वाटली, आणि मग कुणी बोलवायलाही आलं नाही. पुढे एका नाटक कंपनीत नांदीला मागच्या रांगेत उभा राहू लागलो, तिथंच पेटी शिकलो. कंपनी फिरत फिरत रत्नागिरीला आली आणि मालकांच्या भांडणात इथेच फुटली. बाकीचे आगबोटीनं मुंबईला गेले. मी बंदरावरून माघारी फिरलो. घरी कुठल्या तोंडानं जायचं ते ठरत नव्हतं, आणि मुंबईची मला भीती वाटत होती.

शाळेच्या हेडमास्तरीणबाईंनी मला दोनच प्रश्न विचारले.

"पेटी येते?"

"येते."

"सर्टिफिकेट?"

मी पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिलो. बाई विधवा, पुण्याला शिकून आलेल्या. माणूस ओळखायला त्यांना वेळ लागत नसे. म्हणाल्या, "बरं. दिपोटी येऊन जाईपर्यंत हंगामी राहा. त्यांनी मुलींचं गाणं पसंत केलं तर कायम करायचं मी बघते. नाही केलं तर मात्र माझ्या हातात काही नाही हो." वर त्यांनीच सात घरी माझे जेवणाचे वार लावून दिले. ते उपकार अजून फिटलेले नाहीत.

मुली मात्र पहिल्या दिवसापासून जिभेनं तिखट. मी 'सा' लावला की मागच्या बाकावरून यायचं, "अगो, मास्तरांचा 'सा'सुद्धा घाट चढून आलाय!" मी रागवायचो, पण आवाजात जोर नसायचा. हंगामी माणसाचा राग तो, त्याला काय वजन!

शाळेची पेटी जुनी होती. इथल्या खाऱ्या हवेत आतल्या सुरांच्या पितळी जिभा गंजतात. वरच्या सप्तकातली एक पांढरी पट्टी तर पार मुकी झाली होती. दाबली की खाली जायची, सोडली की वर यायची, आवाज म्हणून नाही. बाईंना नवी पेटी मागायची माझी हिंमत नव्हती. तो सूर टाळून वाजवायला मी शिकलो.

दिपोटींची तारीख कळली तसं माझं जेवण कमी झालं. मुली गात होत्या, पण काहीतरी खुपत होतं. मग कंपनीत आमचे तालीममास्तर करत तेच मी केलं. मुलींना गायला लावून रांगेतून कान लावत फिरलो. सहा जणी बेसूर निघाल्या. त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "तुम्ही रांगेतच उभ्या राहा हं. नुसते ओठ हलवा. आवाज काढू नका."

"तोंड उघडायचं?" त्यातल्या एकीनं विचारलं.

"उघडायचं. चांगलं मोठं उघडायचं."

बाकीच्या मुलींना हे कळायला एक दिवस पुरला. त्यांनी त्या सहा जणींना नाव ठेवलं, मुक्या पट्ट्या. "मुक्या पट्ट्यांनो, मागे सरा गो!" मी ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. गाणं एकदम सुरेल झालं होतं. बाई वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि मान डोलावून गेल्या. त्या दिवशी मी पोटभर जेवलो. माझे पाचवीतले मास्तर मला तेव्हा आठवले नाहीत. आठवायला हवे होते.

तोंड उघडायचं का विचारणारी मुलगी पूर्णगडची. वडील समुद्रावर जाणारे. ती इथे मावशीकडे राहून शिकत होती. अकरा वर्षांची असेल. तिला सांगितलं ते ती इतक्या मनापासून करायची की रांगेत सर्वांत मोठं तोंड तिचंच उघडायचं. एकही शब्द चुकायचा नाही.

दिपोटीसाहेब आले, जाडे, घामाघूम, पण स्वभावानं बरे. स्वागतपद झालं. त्यांनी बोटानं टेबलावर ताल धरला होता. मी मनात म्हटलं, सुटलो. तेवढ्यात त्यांनी बोट उचललं.

"ती शेवटून तिसरी मुलगी. काय तन्मय होऊन गाते! तिचा एकटीचा आवाज ऐकू द्या."

ती शेवटून तिसरी म्हणजे पूर्णगडची.

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझा हात आपोआप भात्यावर गेला आणि मी सूर धरला. दुसरं काही सुचलंच नाही. तिनं तोंड उघडलं, आणि आधीसारखेच नुसते ओठ हलवू लागली. सांगितलं होतं तसं. पहिली ओळ, दुसरी ओळ, मग सबंध कडवं. वर्गात फक्त पेटी वाजत होती. एक मुलगी फिस्सकन हसली आणि गप्प झाली. कडवं संपलं तेव्हा तिनं तोंड मिटलं आणि हात जोडले.

"हिचा आवाज कुठे गेला?" साहेबांनी विचारलं.

बाई पुढे झाल्या. "घसा बसलाय तिचा. काल पावसात भिजली."

साहेब तिच्याकडे वळले. "होय गो? घसा बसलाय?"

तिनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी मी काय करायला हवं होतं ते मला आज पुरतं ठाऊक आहे. तेव्हा मी मान खाली घातली. मग तिनं हळूच होकार दिला.

"अरेरे! आणि तरी उभी राहिली बिचारी. ज्येष्ठमध द्या हो हिला, मास्तर."

शेऱ्यात साहेबांनी गायन समाधानकारक लिहिलं. महिन्याभरात मी कायम झालो. बाईंनी मला बोलावून कागद हातात दिला आणि एवढंच म्हणाल्या, "मास्तर, खोटं मी बोलले ते बोलले. ते त्या पोरीला बोलायला लावायला नको होतं." मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी पाय मागे घेतले.

कागद मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी खरंच त्या पोरीसाठी ज्येष्ठमधाची काडी घेऊन गेलो. का, ते मलाही सांगता येणार नाही. ती म्हणाली, "माजा घसा बरा हाय."

"मग आजपासून आवाज काढून गा."

"नको."

"अगं, मी सांगतोय ना?"

"नको, मास्तर. साऱ्या हसतात."

काडी तिनं घेतली. त्या वर्षी ती रांगेत ओठ हलवत राहिली, आणि पुढच्या जूनमध्ये आली नाही. लग्न झालं म्हणून कळलं.

त्यानंतर मी कुणालाही गप्प केलं नाही. यात मोठेपणा काही नाही, मला ते जमेनासंच झालं. कान लावत रांगेतून फिरू लागलो की पाय थांबायचे. परिणाम व्हायचा तो झाला. आमच्या मुलींचं गाणं गावात सुमार ठरलं. गणपतीच्या मेळ्यात पोरं आमची नक्कल करायची. दर तपासणीच्या शेऱ्यात 'सुराकडे लक्ष द्यावे' यायचं, मी सही करायचो. बाई वाचायच्या आणि कागद घडी घालून ठेवून द्यायच्या. रोज तीस आवाज ऐकायचे, त्यातले सहा-सात भलतीकडे जाणारे, त्यांना धरून आणायचं, ते पुन्हा निसटायचे. घरी आलो की कानात मधमाश्या घुमत.

सात-आठ वर्षांनी हातखंब्याला सर्विस मोटारीची वाट पाहत उभा होतो. एक बाई पुढे आली, कडेवर मूल. "मास्तर, अजून ती पेटी वाजवतासा?" ती पूर्णगडचीच; मी ओळखलं ते तोंडावरून. मूल किरकिरत होतं, झोपेला आलेलं. ती त्याच्या पाठीवर थापटत होती, नुसतीच थापटत होती. मी म्हटलं, "एखादं गाणं म्हण की, झोपेल."

ती हसली. "मला कुठं गाता येतंय? तुमीच तर सांगितलंत."

"माझी चूक झाली," मी म्हटलं. हे वाक्य बोलायला मला इतकी वर्षं लागली होती.

"चूक कसली? खरंच येत नाय मला." तिच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. माझी मोटार आली. मी चढलो. ती हात हलवत होती आणि मूल अजून रडत होतं.

आता बाई निवृत्त झाल्या आहेत. नव्या हेडमास्तरीण तरुण, हुशार आहेत. परवा म्हणाल्या, "मास्तर, या तपासणीला चार-पाच मुलींना नुसते ओठ हलवायला सांगा की. सगळीकडे करतात." मी म्हटलं, "होय बाई, बघतो." त्यांना नाही म्हणायचं धैर्य या वयातही नाही. माझं वय झालंय, एका शेऱ्यावर त्या मला घरी बसवू शकतात, आणि घर म्हणावं असं मला दुसरीकडे कुठे नाही.

मग वर्गात गेलो. पेटी उघडली. ती पट्टी अजून मुकीच आहे. पहिल्याच ओळीला मधल्या रांगेतली एक पोर अशी काही वर चढली की शेजारणीनं कानात बोट घातलं.

"मास्तर, ही बघा ना कशी ओरडत्ये!"

खांदा ठणकत होता. मी भाता ओढला आणि म्हटलं, "ओरडू दे. पुन्हा पहिल्यापासून, सगळ्या जणी."