पुजलेले कॉम्प्युटर

दोन हजार सहा-सात सालची खंडेनवमी. गंगापूर रोडवरच्या आमच्या गेम स्टुडिओत प्रत्येक मॉनिटरला झेंडूचा हार, प्रत्येक कीबोर्डवर हळदकुंकू... आणि माझं डोकं सकाळपासून तापलेलं.

सातपूरला किरणच्या वडिलांच्या वर्कशॉपच्या पोटमाळ्यावर आम्ही मोबाइल गेम बनवायला सुरुवात केली होती. खाली लेथ सुरू झाली की वर आमची टेबलं थरथरायची. आता परदेशातल्या कंपन्या दारात उभ्या होत्या, पेपरात फोटो येत होते, किरणचा 'किरण सर' झाला होता... आणि आम्हाला कित्येक आठवडे एक रविवार मिळाला नव्हता.

शेजारच्या टेबलावर सुनीता, आमची आर्टिस्ट. तिची लहानगी मुलगी कळवणला आजीकडे होती. दसऱ्याला तरी जाऊ द्या म्हणून ती विनवत होती, मी तिच्यासाठी भांडलेसुद्धा. किरणचं उत्तर ठरलेलं, "डिलिव्हरी झाली की जा ना, कोण अडवतंय?" अरे, पण एक संपायच्या आत तू दुसरी डिलिव्हरी घेतोस त्याचं काय!

पूजा झाली, फोटो निघाले, पेढे वाटले. लगेच किरणने टाळी वाजवली, "चला, हार काढा, मशीन चालू करा. गेम आज क्लायंटला गेलाच पाहिजे." सुनीताने हार उतरवला, कॉम्प्युटर सुरू केला... तिचा चेहरा बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पूजेला आलेले किरणचे वडील, आप्पा, पेढा हातात धरून बघतच राहिले. "पुजलेलं हत्यार आजच्या दिवशी चालवतं का कोणी? माझ्या शेडमधल्या लेथ बंद हायेत."

"आप्पा, हे कॉम्प्युटर आहेत. लेथ नाहीत."

"मग पुजले कशाला?"

आप्पा उठले आणि त्यांनी सरळ मेन स्विच खाली ओढला. सगळे यूपीएस एकदम कोकलायला लागले. "उद्या सोनं वाटून झालं की कर चालू. तवर नाय."

दुपारच्या एसटीने सुनीता कळवणला गेली. आणि क्लायंट? गेम उशिरा गेला, तर त्याने उत्तरात 'ओके' एवढंच लिहिलं... एवढ्यासाठी आम्हाला राबवलं होतं!

आप्पांचे उपकार मी विसरणार नाही. पण राग काही गेलेला नाही... आम्ही हाडामासाची माणसं इतके दिवस सुट्टी मागत होतो आणि त्या दिवशीही ती आम्हाला मिळाली नाहीच, कॉम्प्युटरना मिळाली.