देवभाताची बरणी

ऋषिपंचमीला सकाळीच मी डोंबिवलीपलीकडच्या एका गावात गेलेले. तिथल्या तळ्यात देवभात यायचं, म्हणजे कोणी न पेरता उगवणारं रानटी भात. आमच्या संशोधन केंद्रात भाताची पानं वाळवणाऱ्या कडा करप्याचे जंतू असलेल्या पाण्यात कात्री बुडवून आम्ही कितीतरी जातींच्या रोपांची पानं कापलेली. सगळी वाळत गेली, या तळ्यातली तेवढी हिरवी राहिली. तो गुण शेतातल्या भातात उतरवायचा, एवढंच माझं काम. पण चाचणीची रोपं नियमाप्रमाणे जाळून टाकली, आणि उन्हाळ्यात तळ्याचं सुशोभीकरण झालं.

एखादं रोप कुठे कोपऱ्यात तगलंय का, ते बघायला गेले. दीड दिवसाच्या विसर्जनाची तयारी चाललेली. तळाला काँक्रीट, काठाला फरशी, मधोमध कारंजं. तळ्याकाठच्या जमिनीचे मालक काका, एकेकाळी तिथेच भातशेती करणारे, खुशीत म्हणाले, "काय मॅडम, गवतबिवत सगळं साफ. आता कसं चकाचक वाटतं ना?" ते गवत नाही हे त्यांना सांगून सांगून माझी जीभ झिजली होती. डोकं आपटायला फरशी होती, पण तिथे मांडव घालत होते.

म्हटलं, जाऊ दे, घरी बरणी आहे. गेल्या दिवाळीत, पिकले दाणे चिखलात गळू नयेत म्हणून लोंब्यांच्या जुड्या बांधून मी बी गोळा केलेलं. केंद्रातली शीतखोली बंद, दुरुस्तीची फाईल जागची हलत नाही, म्हणून ते आमच्या वर्तकनगरच्या घरी फ्रीजमध्ये.

घरी आले तर बरणी धुऊन ओट्यावर पालथी घातलेली.

"अगं, टेंभी नाक्यापर्यंत फिरले, यंदा देवभात मिळालंच नाही," सासूबाई ताट वाढता वाढता म्हणाल्या. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, नांगराशिवाय पिकलेलंच चालतं. "मग तुझं आठवलं. कांडता कांडता हात भरून आले, पण भात सुरेख झालाय."

"आई, ते बी होतं."

"देवभातच ना?"

मी नको नको ते बोलले. एक फोन करता येत नव्हता का, माझ्या कामाची या घरात काही किंमत आहे का, सगळं. त्यांनी वाढलेलं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाल्या, "घरातलं धान्य शिजवायला सुनेला फोन करू? आणि सगळं नाही शिजवलं. न सोललेले दाणे निवडून काढले की."

"कुठे आहेत?"

"देवाचं धान्य कचऱ्यात कसं टाकू? तुळशीत घातलं."

मी चमचा आणि फुलपात्र घेऊन गॅलरीत धावले. लांब कुसळांचे काळपट दाणे मातीतून एकेक निघू लागले. फुलपात्राचा तळ जेमतेम झाकला. रागाने की कशाने कोण जाणे, मला रडू येत होतं.

सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "पुढच्या ऋषिपंचमीला पुरेल का गं एवढं?"

"पुरेल. पण तुम्हाला एक दाणा मिळणार नाही."

"नको देऊस. तो चमचा ठेव आधी, दाणे फोडशील," त्या म्हणाल्या, आणि सकाळपासूनच्या उपाशीपोटी माझ्या शेजारी बसून बोटांनी माती चाळू लागल्या.