पूजेतून सुटलेला लॅपटॉप

एकच गोष्ट कोणी सात ठिकाणी लिहून ठेवली की माझं डोकं फिरतं. घरी आई मीठ तीन डब्यांत ठेवते, त्यावरूनही आमचं वाजतं. मग आमच्या ऑफिसात माझं काय होत असेल, ते समजून घ्या.

नागपुरातल्या आमच्या छोट्या कंपनीत कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनतं. हजेरी, गेटपास, वजनकाटा, कँटीन, गोदाम, कामगारांच्या बस आणि रिपोर्ट असे त्याचे सात भाग. आम्ही लिहिलेला कोड जसाच्या तसा गिऱ्हाइकाला देता येत नाही. तो गोळा करायचा, तपासायचा, त्याचं चालणारं पॅकेज बांधायचं. ही कामं ओळीनं करून घेणारी फाइल म्हणजे बिल्ड स्क्रिप्ट. आमच्याकडे सात भागांच्या सात स्क्रिप्ट होत्या. पहिली कंपनीच्या मालकांनी, म्हणजे आमच्या सरांनी स्वतः लिहिलेली, बाकीच्या सहा तिच्यावरून उतरवलेल्या. एकीत चूक सापडली की सातही उघडायच्या, आणि सातवी हमखास राहून जायची. शिवाय त्या ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर चालायच्या, कारण त्याच्याच फोल्डरांचे पत्ते त्यांच्यात लिहिलेले होते.

शेवटी मी हट्टानं एक सामाईक स्क्रिप्ट लिहिली. तिला फक्त भागाचं नाव सांगायचं, पुढचं सगळं ती सगळ्यांसाठी सारखंच करणार. मला इतका आनंद झाला की सर जेवायला उठले होते तरी त्यांना अडवून मी ती दाखवली.

"चालू गाडीचं बोनेट काहून उघडून राहिली वं?" सर म्हणाले. "एकाचं पायताण साऱ्याईच्या पायात बसते काय? दिवाळीपर्यंत एकदा तरी खऱ्या कामात चालवून दाखव. नाही तर काढून टाक."

आणि खरं काम मात्र कोणी माझ्या स्क्रिप्टला देईना. प्रत्येक जण म्हणायचा, पुढच्या वेळी बघू. दिवाळी तर जवळ येत होती.

दसऱ्याला जरीपटका वस्तीजवळचं आमचं घर माणसांनी भरून जातं. पारशिवनीकडून आत्या आणि तिच्या गावची माणसं दीक्षाभूमीवर येतात आणि आमच्याकडे उतरतात. त्या दिवशी सगळे सकाळीच जाऊन आले होते. दाराबाहेर चपलांचा ढीग होता, घरात पांढऱ्या साड्या आणि पांढरे सदरे, आणि आत्यानं खिरीचं पातेलं ताब्यात घेतलं होतं. एवढ्यात सरांचा फोन आला.

हिंगण्याच्या एका कारखान्यात भट्टी थांबवता येत नाही म्हणून दसऱ्यालाही शिफ्ट होती, आणि गेटवरचं पंचिंग मशीन कोणाचा अंगठाच घेत नव्हतं. चूक आमच्या हजेरीच्या भागात होती. दुपारच्या बस यायच्या आत नवं पॅकेज गेलं नाही, तर अख्खी शिफ्ट गेटबाहेर उन्हात उभी राहणार होती.

"दुरुस्ती दोन ओळींची आहे, सर," मी म्हटलं. "ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लगेच होऊन जाईल."

"त्याची पूजा झाली," सर पडेल आवाजात म्हणाले. "तुह्या वहिनीनं त्याच्यावर नारळ ठेवला हाय. आज अवजाराले आराम. मी बटन दाबलं तं मले घरात घेणार नाही ते."

मी हसू दाबलं. मग सरांनीच विचारलं, "तुह्या लॅपटॉपची तं पूजा झाली नसन?"

"आमच्याकडे अवजाराची पूजा नाही होत, सर."

"माहीत हाय मले. म्हणूनच तं फोन केला. ते तुही एकवाली स्क्रिप्ट... चालते काय तिथं?"

ती तिथं कधीच चालवली नव्हती. मी म्हटलं, "चालते."

घरात बसायला जागा नव्हती. आईच्या शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवला, दुरुस्ती केली, स्क्रिप्ट चालवली. ती पहिल्याच फटक्यात अडली. फोल्डर सापडत नाही म्हणाली. पाहते तर काय, सरांच्या जुन्या स्क्रिप्टमधली एक ओळ मी स्वतःच उतरवून घेतली होती, ऑफिसच्या कॉम्प्युटरच्या पत्त्यासकट. दुसऱ्यांच्या नावानं बोटं मोडणारी मी! पण ओळ एकाच जागी होती, म्हणून बदलायचीही एकदाच होती. बदलली आणि पुन्हा चालवली. पॅकेज तयार झालं, कारखान्याकडे गेलं.

आता नुसतं वाट बघत बसणं मला जमेना. मी उरलेले सहा भागही लावून दिले. गेटपास झाला, वजनकाटा झाला, कँटीन झालं. पाहुणे एकेक करून मागे येऊन उभे राहिले. रिपोर्ट झाला तेव्हा कोणाला काही कळलं नव्हतं, तरी टाळ्या पडल्या. मग कारखान्यातून फोन आला, "मॅडम, अंगठे घेऊन राहिलं. बस आत्ताच आल्या." मी आत्याला पळीसकट मिठी मारली.

सरांना कळवलं. "सातही बनले?" त्यांनी विचारलं.

"सातही."

"मंग जुन्या साती काढून टाक. पण आज नाही. दसऱ्याले काही मोडू नये."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्याबरोबर सातही काढून टाकल्या.

"काय पुसलं वं एवढ्या खुशीनं?" आत्यानं विचारलं.

मी सांगितलं, की आधी प्रत्येकासाठी वेगळा कायदा होता, आता सगळ्यांना एकच. आपलं नाव सांगायचं, की काम होतं.

"नुसतं नाव इचारते?"

"नुसतं नाव."

"आडनाव नाही?"

घरातली सगळी माणसं हसली. मी नाही हसले. इतके दिवस मी ती स्क्रिप्ट डोळ्यांसमोर धरून बसले होते, आणि हे मला दिसलंच नव्हतं.

"नाही, आत्या."

"मंग चांगलं केलं तुनं," आत्या म्हणाली, आणि माझ्या वाटीत आणखी एक पळी खीर वाढली.