तारेला चालणारं फळ

अकोल्याच्या बस स्टँडवर ती फळांची टोपली घेऊन बसायची. दातांच्या तारा आवळून घ्यायला मी दर महिन्याला तेल्हाऱ्याहून यायचे. पहिल्याच खेपेला तिच्याकडे पेरू मागितला, तर माझं तोंड बघून तिने तो परत टोपलीत टाकला. "तार तुटन व पोरी. हा चिकू खाय."

तेव्हापासून ती माझ्यासाठी पिकलेले चिकू फडक्याखाली जपून ठेवायची. दोन भाग करून, बिया काढून मगच हातात द्यायची. मी ते चघळत घरी जायचे. चूळ भरायचं कधी सुचलंच नाही.

दोन वर्षांनी तारा निघाल्या. दात सरळ झाले होते, पण तारांचे चौकोन जिथे चिकटवले होते, त्यांच्याभोवती खडूसारखे पांढरे डाग उमटले होते. "गोड चिकटून राहिलं की दाताचं कवच विरतं," डॉक्टर म्हणाले.

मी ओठ मिटूनच तिच्यापुढे उभी राहिले.

"हास ना व, कावून लपवून राहिली?"

मी हसले. तिला डाग दिसले. हळूच म्हणाली, "माह्या चिकूनं तं नाई झालं ना?"

"नाई मावशी, तारांनंच झालं ते."

"मंग बरं." तिने सगळ्यात कडक पेरू निवडला, पदराला पुसून दिला. "आता तोड."

आता तिच्या जागेवर मोबाइल कव्हरांची गाडी असते. दातांचे डॉक्टर डागांचं कारण विचारतात, मी ब्रशवर ढकलते. चिकूचं नाव अजून एकाही केसपेपरवर गेलेलं नाही.