गालाच्या उंचीवरची फांदी

अक्का सकाळी फिरायला निघाल्या की हातात विळा असायचा. नव्या माणसाला ते पाहून धसकाच बसे, असं माझा भाऊ सांगायचा. मी ते दृश्य पाहिलेलं नाही. अक्का जळगावात आमच्या कॉलनीत राहायला आल्या, तोवर माझी नजर पूर्ण गेली होती. माझ्यासाठी अक्का म्हणजे ‘खस्स’ असा आवाज, त्यामागून येणारा ओल्या पाल्याचा वास, आणि मग हाक, “ये माय, आता चाल बिनघोर!”

त्या रावेरकडच्या. सगळं आयुष्य केळीच्या बागेत गेलेलं. थोरल्या मुलाची नोकरी इथे, म्हणून नातवंडं सांभाळायला आलेल्या. पण फ्लॅटमध्ये त्यांचा जीव रमेना. “इथी काय कापू माय, भेंडी?” असं म्हणायच्या आणि विळा घेऊन खाली उतरायच्या.

आमची ओळख झाली ती माझ्या गालावरच्या रक्तामुळे. मी मुलींच्या शाळेत गाणं शिकवते आणि पांढरी काठी घेऊन चालत जाते. काठीला जमिनीवरचा खड्डा कळतो, दगड कळतो. हवेत लोंबणारी फांदी कळत नाही. पावसाळ्यात कुंपणं माजायची, फुटपाथ दिसेनासा व्हायचा. खाली रस्त्यावर उतरावं तर अंगावर ट्रक. त्या सकाळी बोगनवेलीचा काटा डोळ्याच्या अगदी खालून ओठापर्यंत ओढला गेला. मी तिथेच उभी राहिले. डोळे गेले तेव्हासुद्धा आली नव्हती एवढी निराशा मला त्या क्षणी आली.

कुणीतरी पदरानं माझा गाल पुसला. “कोनाचं झाड व्हय हे?”

“जाऊ द्या अक्का,” मी म्हणाले. समोरचं माणूस कोण ते तेव्हा ठाऊक नव्हतं, पण त्या आवाजाला अक्काच म्हणावंसं वाटलं. “उद्यापासून मी येणारच नाही. शाळा सोडते.”

“झाडाले डोये नाहीत, तुलेबी नाहीत. मंग तिसऱ्यानं पाह्यलं पाहिजे. त्याच्यासाठी शाळा काहाले सोडाची?”

आणि माझा हात धरून त्यांनी थेट त्या घराचं फाटक वाजवलं. तिथे नाना राहायचे, पोस्टातून निवृत्त झालेले, एकटे. ती वेल त्यांच्या बायकोनं लावलेली, आणि ती वारून वर्षही झालं नव्हतं. नाना दारातूनच म्हणाले, “आमच्या हिची वेल आहे. मी पानालाही हात लावू देत नाही.”

मी अक्कांचा हात ओढला. त्या हलल्या नाहीत. मात्र आवाज एकदम खाली आला. “नाना, तुमची बाई आज दारात उभी असती अन् ह्या पोरीचा गाल तिनं पाह्यला असता, तर काय केलं असतं तिनं?”

मग चपला आत गेल्या. मला वाटलं, दार लागणार. पण चपला परत आल्या. “तिचीच कात्री आहे,” नाना म्हणाले. “मला छाटता येत नाही. तुम्ही दाखवा.”

त्या दिवशी मी शाळेत उशिरा पोहोचले, पण पोहोचले.

तेव्हापासून कॉलनीपासून शाळेपर्यंतचा रस्ता अक्कांचा झाला. कुणाच्याही झाडाला त्या विचारल्याशिवाय हात लावत नसत. “इचारून कापलं का झाड वाढते, न इचारता कापलं का भांडन वाढते,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तोडलेला पाला फुटपाथवर पडून राहू द्यायच्या नाहीत. विजेच्या तारांना टेकलेल्या फांद्यांना मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. त्यासाठी त्या महापालिकेच्या कार्यालयात जाऊन बाकावर बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आपल्या गुडघेदुखीची कथा ऐकवायच्या. शिडीची गाडी लवकर निघायची ती त्या कथेमुळे, असं भावाचं मत.

एकदा मात्र त्यांनी विळा आवरला. कण्हेरीच्या फांदीत, नेमकं माझ्या कपाळाच्या उंचीवर, बुलबुलानं घरटं केलं होतं. “पिल्लं उडेपर्यंत ही फांदी तिची,” अक्का म्हणाल्या. मग रोज सकाळी त्या फांदीखाली माझी वाट पाहत उभ्या राहायच्या. मी आले की डोक्यावर हात ठेवून हलकेच दाबायच्या, “वाक माय, वाक. लेकुरवाळीचं घर हाय.” कुणी आधार दिला की मी तेव्हा आखडून जायची. तिथे मात्र वाकायला मला कमीपणा वाटला नाही. उलट पिल्लं उडाली तेव्हा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

गुडघे अगदीच थकले तेव्हा धाकट्या मुलानं त्यांना गावी न्यायचं ठरवलं. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या मला म्हणाल्या, “आता तू सोता बेल वाजवजो. मास्तरीन व्हय ना तू? मंग बोलाले काय भेतं!” मी खरंच भ्यायची. नजर गेल्यापासून मी कुणाकडे काही मागितलंच नव्हतं. अडलं की वाट बदलायची, एवढंच शिकले होते.

यंदा पावसाळ्यात कोपऱ्यावरच्या घरी नवे भाडेकरू आले आणि त्यांच्या मेंदीच्या कुंपणानं फुटपाथ गिळला. मी भिंत चाचपत बेल शोधली. दार उघडलं तशी मी एका दमात म्हणाले, “तुमची मेंदी फुटपाथवर आली आहे. मला दिसत नाही, तोंडाला लागते. छाटाल का?”

“अगंबाई! लक्षातच आलं नाही हो ताई,” आतली मुलगी म्हणाली आणि कात्री शोधायला पळाली.

संध्याकाळी मी रावेरला फोन लावला. अक्कांना आता कमी ऐकू येतं; सगळं ओरडून सांगावं लागलं. सांगून झाल्यावर मी शाबासकीची वाट पाहत थांबले.

“मंग शाळेत गेल्ती ना?” त्यांनी विचारलं.

“गेले होते, अक्का.”

“झालं तर मंग. आज पोरींनी कोनतं गानं म्हटलं ते सांग.”

त्यांना ऐकू जावं म्हणून मी ते मोठ्यानं, अगदी पहिल्या ओळीपासून म्हणून दाखवलं.