परबांची एक ओळ

आज घरी जुनी फाइल उघडली, तर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हांची रांग दिसली आणि लालबागच्या आमच्या वृत्तपत्राच्या कार्यालयातली एक सकाळ आठवली.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा जावा प्रोग्राम परबांनी लिहिला होता. ते निवृत्त झाल्यावर मी पायथनमध्ये नवी यंत्रणा उभी केली. ती परबांचाच प्रोग्राम आतून चालवत असे. त्यांच्या विंडोज संगणकावर सगळं नीट चालायचं. लिनक्सच्या सर्व्हरवर मात्र नुसती प्रश्नचिन्हं येत होती. दोन दिवस झगडून मी त्यांना फोन केला.

घोडपदेवहून परब तासाभरात आले, इस्त्रीचा शर्ट घालून.

"जावा सुरू करताना एन्कोडिंग सांगितलंस का?"

"नाही. तुमच्या कोडमध्ये नव्हतं ते."

"कोडमध्ये कुठून असणार? माझ्या मशीनवर सेट केलं आणि विसरलो. मी गाढव आणि तू माझा चेला."

अक्षरं कुठल्या पद्धतीनं वाचायची हे जावाला सांगणारी एक ओळ त्यांनी लिहिली. पडद्यावर मराठी उमटलं. दहा मिनिटंही लागली नाहीत.

"अजून काही अडलंय?"

"नाही, परबसाहेब. आता तुम्हाला पुन्हा त्रास देणार नाही."

तेव्हा मला हे सौजन्य वाटलं. आता मीही निवृत्त आहे. ते वाक्य कसं लागतं हे कळतं.

त्यांनी पिशवीतून दोन कप्प्यांचा डबा काढला. "दिवसभराचं काम असेल असं वाटलं होतं. इथंच खाल्लं तर चालेल ना?"

अकरा वाजले होते. मी हो म्हणालो आणि मीटिंगला गेलो. परतलो तेव्हा टेबल पुसलेलं होतं आणि खुर्ची आत सारलेली होती.